बीळ बुजवायच्या आधी आत कोण आहे ते बघा: आमच्या एचओए (घरमालकांच्या सोसायटीच्या) बोर्डाला आणि वसाहतीतल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

मागच्या मैदानातल्या बिळांत राहणाऱ्या घुबडांबद्दल इंग्रजीत मी बोर्डाला तीन ईमेल केल्या. एकीचं उत्तर आलं, एका ओळीचं, की पेस्ट कंट्रोलवाला लायसन्सवाला आहे आणि काम नियमात बसतं. बाकी दोन तशाच पडून आहेत. म्हणून आता मराठीत लिहितेय आणि सगळ्यांना दिसेल असं लिहितेय, कारण बोर्डावरच्या पाचांतले तीन जण आपले आहेत, कॅलिफोर्नियातल्या या आपल्या वसाहतीत पंचवीसेक मराठी घरं आहेत, आणि खरं सांगायचं तर हा निर्णय मीटिंगमध्ये कमी झाला, आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जास्त झाला. त्या ग्रुपवर मीही आहे. मागच्या ऑक्टोबरात 'मागच्या मैदानातल्या खारींचा बंदोबस्त करायचा का' असा पोल आला तेव्हा मीही अंगठा दिला होता, नेमकं काय करणार आहेत हे न विचारता. ती माझी चूक, आधीच कबूल करते.

झालंय काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. घरांच्या शेवटच्या रांगेमागे कुंपणापासून ओढ्यापर्यंत आपली जी सामायिक मोकळी जागा आहे तिथल्या ग्राउंड स्क्विरल्सच्या, म्हणजे जमिनीत राहणाऱ्या खारींच्या बिळांत धूर सोडून ती बुजवायची असं बोर्डाने ठरवलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एक फेरी झाली. दुसरी एप्रिलमध्ये आहे, त्यात ओढ्याकडची उरलेली सगळी बिळं, आणि मग ट्रॅक्टर लावून सगळ्या जागेचं डिस्किंग, म्हणजे गवतासकट जमीन उलथणं. त्या बिळांत घुबडं राहतात. आपल्या कुंपणाजवळ होती, आता दिसत नाहीत. ओढ्याकडे अजून एक जोडी आहे आणि हे पत्र त्या जोडीसाठी आहे.

बरोइंग आऊल म्हणतात त्यांना. वीतभर उंची, वजन दीडशे ग्रॅम, लांब काटकुळे पाय, पिवळे डोळे, वर पांढऱ्या भुवया, आणि भर दिवसा बिळाच्या तोंडाशी उभं असतं. झाडावर नाही, जमिनीवर. मी त्याला बिळातला पिंगळा म्हणते आणि ते काही मनाने ठेवलेलं नाव नाही, आपल्याकडचा पिंगळा आणि हा पक्षी शास्त्रज्ञांनी एथीने नावाच्या एकाच गटात घातलेत, म्हणजे चुलत भाऊच. आमच्या गावी, नगर जिल्ह्यात, घरामागच्या चिंचेच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी होती. दिवे लागले की त्यांचा चिरका कलकलाट सुरू व्हायचा आणि आम्ही पोरं घाबरून आजीच्या मागे लपायचो. आजी म्हणायची, त्यांना दगड मारायचा नाही, ते आपल्या कणगीची राखण करतात. धान्यावर उंदीर यायचे आणि उंदरांवर ते. एवढा सरळ हिशेब होता तिचा. चौदा वर्षांपूर्वी या घरात राहायला आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात मागच्या कुंपणापलीकडच्या पडलेल्या सिमेंटच्या पाईपवर मला तसलंच तोंड दिसलं, मान तिरकी करून माझ्याकडे बघणारं, आणि या देशात येऊन पहिल्यांदा मला वाटलं की इथे कोणीतरी ओळखीचं आहे.

आता महत्त्वाची गोष्ट, कारण ग्रुपवर बऱ्याच जणांनी लिहिलं की आपण तर खारींना मारतोय, घुबडांना कुठे. फ्लोरिडातली बरोइंग आऊल स्वतःचं बीळ स्वतः खणतात, पण आपल्या कॅलिफोर्नियातली सहसा खणत नाहीत, ती खारींनी खणून सोडलेल्या बिळात संसार मांडतात. खारी नसल्या की बिळांची निगा राहत नाही, पाऊसपाण्याने ती हळूहळू ढासळतात. म्हणजे खार गेली की बीळ गेलं आणि बीळ गेलं की घुबड गेलं, मग त्याला कोणी हात लावलेला असो वा नसो. आणि इथे तर हातही लागलाय.

मागच्या मे महिन्यातलं सांगते. माझी लेक नऊ वर्षांची आहे, ती आणि मी रोज संध्याकाळी कुंपणाच्या आतून बघायचो. पाईपाजवळच्या बिळातून एका संध्याकाळी एकापाठोपाठ एक पिल्लं वर आली, तिने मोजली, सात. पिसं अजून धड आलेली नव्हती, छातीवर नुसता पिवळट कापूस. सगळी बिळाच्या तोंडाशी ओळीने उभी आणि सगळ्यांच्या माना एकदमच वरखाली, वरखाली. बाप पाईपवर पहाऱ्याला. तो जाऊन नाकतोडा घेऊन यायचा आणि सातही जणं त्याच्यावर तुटून पडायची. वरून ससाणा गेला की तो एक आवाज काढायचा आणि सातच्या सात एका क्षणात बिळात, जणू कोणी नळीने ओढून घेतली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे: धोका दिसला की हा पक्षी बऱ्याचदा उडून जात नाही, बिळात शिरतो.

आणखी एक गोष्ट मला त्यांनीच शिकवली. बिळाच्या तोंडाशी वाळलेली घाण पसरलेली असायची, कुत्र्याची, कोयोटीची. मला वाटलं आपलेच लोक कुत्रे फिरवून तशीच टाकून जातात, मी ग्रुपवर चिडून लिहिलंही होतं. नंतर वाचलं की ती घुबडं स्वतः आणून टाकतात. शेणाच्या वासाने शेणकिडे येतात आणि ते घुबडांना आयते खायला मिळतात. फ्लोरिडातल्या शास्त्रज्ञांनी याचा प्रयोग करून २००४ साली 'नेचर'मध्ये छापलाय, शेण ठेवलेल्या बिळांपाशी घुबडांनी खाल्लेले शेणकिडे दहा पट जास्त निघाले. शिवाय कागद, चंदेरी कागद, चिंध्या असलंही काहीबाही आणून ठेवतात. त्या मे महिन्यात त्या बिळाच्या तोंडाशी केशरी काहीतरी होतं, दुर्बिणीतून नीट बघितलं तर प्लास्टिकच्या झेंडूच्या माळेचा तुकडा, आपण पाडव्याला क्लबहाऊसच्या दाराला लावलेल्या माळेतला. लेकीला इतका आनंद झाला की विचारू नका. त्यांनी पण तोरण लावलं, म्हणाली.

या वर्षी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच बिळापाशी पुन्हा जोडी दिसली. तोच पाईप, तेच बीळ.

आणि मग तो गुरुवार. मी घरून काम करत होते, साडेदहाला कॉलवर असताना मागून धुराचा वास आला. धूर म्हणजे फटाक्यांचा कसा येतो तसा. खिडकीतून बघितलं तर दोन माणसं बिळाबिळाशी थांबत चालली होती. कांडी पेटवायची, बिळात ढकलायची, वर फावड्याने माती लोटायची, बुटाने दाबायची, पुढचं बीळ. मी कॉल सोडून धावले. त्यांना विचारलं या पाईपाजवळच्या बिळात तुम्ही बघितलंत का, आत पक्षी आहेत. त्यातला एकजण बिचारा खरंच गोंधळला, म्हणाला आम्हाला फक्त खारी सांगितल्यात, नकाशावर जी बिळं आहेत ती सगळी करायची. त्याचा राग नाही मला. त्याच्या हातातल्या नकाशात ते बीळ होतं आणि माझ्या आधी त्याचं काम तिथे होऊन गेलं होतं.

ते लोक गेल्यावर मी तिथे जाऊन उभी राहिले. अकरा बिळं बुजवली होती. पाईपावर घुबडाच्या शिटेचे पांढरे ओघळ तसेच होते. शेजारी एक गोळी पडलेली, घुबडं न पचलेलं ओकून टाकतात ती, बोटाच्या पेराएवढी, त्यात काळ्या किड्यांचे चमकणारे पंख आणि उंदराचं एक एवढंसं हाड. आणि बिळाच्या जागी ओली माती, तिच्यावर बुटाचा ठसा. मी उकरलं नाही. उकरायचं नसतं हे माहीत होतं आणि खरं सांगायचं तर हिंमतही नव्हती. त्या संध्याकाळी एक घुबड पाईपावर येऊन उभं राहिलं. एकटं. दुसऱ्या दिवशीही आलं, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवसापासून तेही नाही.

आता माझ्या तक्रारी, एकेक करून.

पहिली आणि सगळ्यात मोठी, कोणी आत बघितलं नाही. या धुराच्या कांडीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि बंद बिळात जे कोणी असेल ते मरतं, खार असो, बेडूक असो, घुबड असो. माणूस जवळ आला की घुबड कुठे जातं ते मी वर लिहिलंय. म्हणजे पेस्ट कंट्रोलवाला जसजसा बिळाकडे चालत येतो तसतसं ते घुबड नेमकं जिथे धूर जाणार तिथेच जाऊन बसतं. बाहेर शीट, गोळ्या, पिसं, शेण, एवढ्या खुणा असताना पाच मिनिटं थांबून बघणारा एक माणूस आपण ठेवू शकलो नाही?

दुसरी, वेळ. खारींना धुरी द्यायला वसंत ऋतू बरा, जमीन ओली असते आणि धूर आत कोंडून राहतो, हे कॉन्ट्रॅक्टरने बोर्डाला सांगितलं असणार आणि ते खरंच आहे. पण १ फेब्रुवारी ते ३१ ऑगस्ट हा या घुबडांचा विणीचा काळ धरतात. मादी महिनाभर जमिनीखाली अंडी उबवत बसते, सहा-आठ, कधी त्याहून जास्त अंडी असतात, बाहेर फारशी येतच नाही. एप्रिलची जी तारीख ठरवलीय ती बरोबर त्या महिन्यातली आहे.

तिसरी, कायदा. 'काम नियमात बसतं' असं मला कळवलंत म्हणून लिहिते. मायग्रेटरी बर्ड ट्रीटी ॲक्ट या केंद्राच्या पक्षीसंरक्षण कायद्याखाली या पक्ष्याला संरक्षण आहे, राज्याच्या फिश ॲंड गेम कोडमध्ये शिकारी पक्ष्यांची घरटी आणि अंडी नष्ट करायला वेगळी बंदी आहे, आणि १० ऑक्टोबर २०२४ ला राज्याच्या फिश ॲंड गेम कमिशनने एकमताने या पक्ष्याला धोक्यातल्या जातींच्या कायद्याखाली उमेदवार ठरवलं. उमेदवार म्हणजे नुसतं नाव सुचवलं असं नाही, उमेदवार असतानाही यादीतल्या प्राण्याला असतं तेच संरक्षण लागू होतं, परवानगीशिवाय मारता येत नाही. पेस्ट कंट्रोलचं लायसन्स ही त्याची परवानगी नव्हे. हे मी वकिलीच्या भाषेत धमकी म्हणून लिहीत नाहीये, तुमच्यातल्या कोणाला हे माहीत नसेल तर मलाही दोन वर्षांपूर्वी माहीत नव्हतं. पण आता माहीत झालं ना.

चौथी, विष. तुमच्या नोटिशीत 'गरज पडल्यास बेट स्टेशन', म्हणजे विषारी आमिषाचे डबे, असं एक वाक्य आहे. खारींसाठी जी रक्त गोठू न देणारी विषं वापरायचे त्यातलं डायफॅसिनोन जानेवारी २०२४ पासून आणि क्लोरोफॅसिनोन जानेवारी २०२५ पासून राज्याने बहुतेक वापरांसाठी बंद केलंय, कारण विष खाल्लेला उंदीर किंवा खार जो खातो तोही हळूहळू आतल्या रक्तस्रावाने मरतो. मग त्या स्टेशनांत नक्की काय घालणार आहात हे नोटिशीत का नाही? आपल्या मुलांचे बॉल कुंपणापलीकडे जातात, मुलं आणायला जातात. मला नाव हवंय त्या औषधाचं.

पाचवी, अजेंडा. डेव्हिस-स्टर्लिंग या राज्याच्या एचओएंसाठीच्या कायद्याप्रमाणे बोर्डाच्या मीटिंगचा अजेंडा मेंबर्सना किमान चार दिवस आधी मिळायला हवा आणि अजेंड्यावर नसलेला विषय एरवी ठरवायचा नसतो. मी जुने अजेंडे काढून बघितले. 'लँडस्केप मेंटेनन्स' एवढंच लिहिलंय. लँडस्केप मेंटेनन्स वाचून मला वाटलं गवत कापणार.

आणि सहावी तक्रार बोर्डाची नाही, आपल्या सगळ्यांची आहे. मी ग्रुपवर फोटो टाकला तेव्हा एका ताईंनी लिहिलं, घुबड ना, अपशकुनी, गेलं ते बरंच झालं. त्याला बारा जणांनी हसरी तोंडं टाकली. मला त्या रात्री झोप लागली नाही. ताई, तुमच्यावर राग नाही, आपण सगळे तेच ऐकत वाढलो. पण मग दिवाळीत लक्ष्मीच्या चित्रात तिच्या पायाशी कोण बसलेलं असतं? आणि नंदुरबारकडे शहाद्याजवळ १९९७ साली रानपिंगळा सापडला, ११३ वर्षं ज्याचा पत्ता नव्हता तो, त्याची बातमी याच ग्रुपवर दरवर्षी कोणीतरी टाकतं आणि आपण सगळे छाती फुगवून हार्ट देतो. तो रानपिंगळाही आता याच एथीने गटात धरतात. त्याचा अभिमान खरा असेल तर त्याच्या या भावाची थोडी चाड धरायला काय हरकत आहे?

कोणी म्हणेल एवढं काय, एका मैदानातली चार घुबडं. म्हणून थोडं मोठं चित्र सांगते. १९७८ पासून हा पक्षी राज्याच्या काळजी करण्यासारख्या जातींच्या यादीत आहे. २००३ मध्ये संस्थांनी अर्ज केला होता की याला धोक्यातल्या जातींच्या कायद्याचं संरक्षण द्या, तो फेटाळला गेला, मग २०२४ च्या मार्चमध्ये पुन्हा करावा लागला. मधल्या वीस वर्षांत काय झालं ते आपण आपल्या डोळ्यांनी बघितलंय, आपल्या ऑफिसांच्या इमारती त्याच गवतांवर उभ्या राहिल्या, माझीही. राज्यातल्या उरलेल्या जोड्यांपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त पार दक्षिणेला मेक्सिकोच्या सीमेजवळ इम्पीरियल व्हॅलीत कालव्यांच्या काठावर आहेत. मरीन, नापा, सॅन फ्रान्सिस्को, सांता क्रूझ, या काउंट्यांत तो पूर्वी वीण करायचा, तिथली वीण संपली. आपल्या साउथ बेमध्ये, म्हणजे सॅन होजेच्या आसपास, याचं नाव निघालं की तीच तीच ठिकाणं पुढे येतात, मॉफेट फील्ड, सॅन होजे एअरपोर्ट, अल्विसोजवळचं सांडपाणी प्रकल्पाभोवतीचं रान, माउंटन व्ह्यूचं शोरलाइन. बाकी ठिकाणी बिल्डर आला की बिळाच्या तोंडाला एकाच बाजूने उघडणारं दार लावतात, घुबड बाहेर आलं की परत आत जाता येत नाही, मग बीळ मोडतात. कुठे जायचं ते त्याचं त्याने बघायचं. जागा असती तर गेलंही असतं.

आणि याच काउंटीत दुसरीकडे माणसं काय करतायत बघा. सांता क्लारा व्हॅली हॅबिटॅट प्लॅन, म्हणजे प्राण्यांच्या राहायच्या जागा जपायची योजना, २०१३ पासून चालू आहे, पन्नास वर्षांसाठी, त्यात हा पक्षी आहे. प्लास्टिकचे डबे आणि लांब पाईप पुरून नकली बिळं करतात, पहिल्या हिवाळ्यात खूप पिल्लं मरतात म्हणून कोवळी घुबडं पकडून हिवाळाभर जाळीत सांभाळतात, खाऊपिऊ घालतात आणि वसंतात सोडतात, की जोडी जमव रे बाबा, इथेच रहा. एवढं करून कधी जमतं, कधी नाही. आपल्याकडे ती आपली आपण आली, आपली आपण राहिली, सात पिल्लं वाढवली. आपल्याला फक्त काही करायचं नव्हतं.

तुमच्या अडचणी खऱ्या आहेत, त्या मी उडवून लावत नाहीये. रिटेनिंग वॉलच्या पायाशी बिळं झालीत आणि भिंत खचली तर खर्च सगळ्यांच्या डोक्यावर येईल, बरोबर आहे. मग तेवढ्या पट्ट्यात जमिनीत वाकवून पुरायची जाळी लावा, आणि तिथली जी बिळं बंद करायची ती आधी जाणकाराकडून तपासून बंद करा, भिंत सोडून दीडशे फूट लांबची बिळं कशाला? नाहीतरी धुरी दिलेल्या जागी शेजारच्या रानातून खारी परत येतातच, म्हणजे दरवर्षी तेच काम आणि दरवर्षी तेच बिल. आगीची भीती म्हणाल तर फायर डिपार्टमेंटला गवत छोटं हवंय आणि या घुबडालाही गवत छोटंच लागतं, उंच गवतात त्याला आजूबाजूचं दिसत नाही, तिथे ते राहतच नाही. म्हणजे तुमचं आणि त्याचं इथे एकमतच आहे. फक्त ते गवत ट्रॅक्टरने जमीन उलथून काढायचं नाही, कारण डिस्किंगने बिळं मोडतात. मशीनने वरून कापा, नाहीतर शेळ्या आणा. इथे बऱ्याच शहरांत उन्हाळ्याआधी टेकड्यांवर शेळ्या आणून सोडतात, भाड्याने मिळतात, आपल्या मुलांनी शेळी जवळून बघितलेली नाही, त्यांनाही मजा येईल.

सापांचंही निघालं होतं. बिळातून फुत्कार ऐकू आला, रॅटलस्नेक आहे, असं एका काकांनी सांगितलं आणि तिथून सगळ्यांना घाई झाली. काका, तुम्ही ऐकलं ते खोटं नाही. पण या घुबडाची पिल्लं बिळात घाबरली की हुबेहूब रॅटलस्नेकसारखा आवाज काढतात, म्हणजे आत येऊ बघणारा मागे फिरतो. खारीसुद्धा फसतात त्याला. तो आवाज तुम्ही मागच्या जूनमध्ये पाईपाजवळच ऐकलात ना? मला वाटतं तुम्ही त्या सात जणांना ऐकलंत.

तर मागण्या. फार नाहीत.

एप्रिलची फेरी रद्द करा. पुढे ढकलू नका, रद्द करा, आणि तसं लेखी कळवा.

बरोइंग आऊलचा सर्व्हे करणारा बायोलॉजिस्ट बोलवा. राज्याच्या वन्यजीव खात्याची २०१२ ची पद्धत ठरलेली आहे, विणीच्या काळात चार वेळा येऊन बघायचं, त्यातली एक भेट १५ फेब्रुवारी ते १५ एप्रिलमध्ये. म्हणजे अजून वेळ आहे पण फार नाही. याच्या खर्चासाठी एचओए फी वाढवायला लागली तर माझी हरकत नाही, पहिला चेक माझा. बायोलॉजिस्टचा सर्व्हे होईपर्यंत एकाही बिळाला हात लावायचा नाही.

मार्चमध्ये काय वापरलं, किती बिळांत, कोणाच्या सहीने, आणि बेट स्टेशनांत काय घालणार होतात, हे सगळ्या घरांना कळवा. पाईपाजवळच्या बिळाचं काय झालं हे आपणहून वन्यजीव खात्याला कळवा. बोर्डाने स्वतः कळवणं आणि कोणीतरी तक्रार करणं यात फरक आहे, मला पहिलं हवंय. मी अजून तक्रार केलेली नाही, आधी घरच्यांशी बोलावं म्हणून थांबलेय. या महिनाअखेरपर्यंत फेरी रद्द झाल्याचं लेखी आलं नाही तर मी करणार आहे, आणि ते लपवून करणार नाही.

डिस्किंगच्या ऐवजी गवत कापायचं कॉन्ट्रॅक्ट द्या. ओढ्याकडच्या बिळाभोवती दोरी लावा, आणि त्या जागेत कुत्रे मोकळे सोडायचे नाहीत असा नियम करा. हा शेवटचा नियम आपल्यातल्याच काही जणांना जड जाणार आहे हे मला माहीत आहे. तरी करा.

आणि पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर 'लँडस्केप मेंटेनन्स' नको, 'मागच्या जागेतली घुबडं' असा शब्द लिहा.

लेक अजून रोज संध्याकाळी कुंपणापाशी जाते. पाईपाकडे बघते, मग ओढ्याकडे बघते, मग घरात येते. ती मला काही विचारत नाही आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

येत्या शनिवारी संध्याकाळी साडेसहाला मी मागच्या फाटकाशी दुर्बीण घेऊन उभी असेन. ओढ्याकडचं बीळ तिथून बरंच लांब आहे, पण दिसतं. त्याच्या डावीकडे एक वाकलेला लोखंडी खांब आहे, नर बहुतेक त्याच्यावर असतो. जवळ जायचं नाही, फाटकातूनच बघायचं. बोर्डाच्या पाचही जणांनी यावं, त्या ताईंनी यावं, काकांनी तर नक्की यावं. मुलांना आणा, कुत्र्यांना घरी ठेवा.

तुमची शेजारीण,
शेवटच्या रांगेतली